अर्धंच बांधून दिलेलं घर: इंदूरच्या 'अरण्य' वसाहतीचं प्रकरण

१९८३ साली इंदूर विकास प्राधिकरणाकडे शहरापासून साधारण सहा किलोमीटरवर, मुंबई-आग्रा रस्त्याच्या बाजूला, ८५ हेक्टरच्या आसपास जमीन होती. शहर गिरण्यांचं. पोटासाठी आलेली माणसं नदीनाल्यांच्या काठाने, रेल्वेलगत, जिथे कुणी हटकणार नाही तिथे झोपड्या टाकून राहत होती. अशांना घर द्यायचं म्हटलं की सरकारी शिरस्ता ठरलेला असतो: तीन-चार मजली इमारती, प्रत्येक मजल्यावर एकसारखे गाळे, आणि मंत्र्यांच्या हस्ते चाव्यांचं वाटप. त्या पैशात थोड्यांना पूर्ण घर मिळतं, बाकीचे रांगेतच राहतात. ज्यांना मिळतं त्यांच्यापैकी अनेकांना हप्ता झेपत नाही, मग गाळा भाड्याने जातो किंवा विकला जातो आणि कुटुंब पुन्हा नाल्याकाठी येतं. हे चक्र त्या वेळी इंदुरात नवं नव्हतं आणि मुंबईत तर नव्हतंच नव्हतं.

प्राधिकरणाने आराखड्याचं काम अहमदाबादच्या वास्तुशिल्प फाउंडेशनकडे सोपवलं. तिचे संस्थापक बालकृष्ण दोशी. पुढे २०१८ साली, वयाच्या नव्वदीत, दोशींना प्रित्झकर पुरस्कार मिळाला. वास्तुकलेतला हा सर्वोच्च मान मिळवणारे ते पहिले भारतीय. असा पुरस्कार संग्रहालय, विमानतळ किंवा एखादं टोलेजंग मुख्यालय बांधणाऱ्याला मिळतो असा आपला समज असतो. दोशींच्या कामांत बंगळूरची आयआयएम आहे, हुसेन यांच्या चित्रांसाठी बांधलेली अहमदाबादची गुंफा आहे. पण त्यांच्या कामाची ओळख करून देताना ज्या कामाचं नाव आवर्जून घेतलं जातं, ते हे इंदूरचं काम. आणि त्या कामात गरिबातल्या गरिबाला त्यांनी जे दिलं ते एवढंच: एक जोतं, संडास-मोरीची जोडणी आणि एक खोली.

एखाद्याचं नाव जगात होतं ते अर्धवट घरांमुळे, हे कसं घडलं ते नीट उलगडून पाहण्यासारखं आहे. त्यातले सगळे परिणाम गोड नाहीत, हेही आधीच सांगून ठेवतो.

माणूस कुठून आला

दोशींचा जन्म १९२७ सालचा, पुण्याचा. घरचा फर्निचरचा व्यवसाय, कुटुंब एकत्र आणि मोठं. कुटुंब वाढेल तसं आजोबांचं घरही वाढत गेलं, ही लहानपणची आठवण ते पुढे अनेकदा सांगत. १९४७ मध्ये मुंबईच्या जे. जे. मध्ये वास्तुकलेचं शिक्षण सुरू झालं. तिथून लंडन, मग पॅरिसला विख्यात वास्तुविशारद ल कार्बुझिएच्या हाताखाली १९५१ ते १९५४. परत आले ते गुरूच्या अहमदाबादमधल्या इमारतींची देखरेख करायला आणि अहमदाबादचेच होऊन गेले.

१९५४ सालीच त्यांनी स्वतःशी एक शपथ घेतल्याचं नमूद आहे: अगदी तळच्या वर्गाला चांगलं घर मिळवून द्यायचं आणि हे आयुष्यभर विसरायचं नाही. शपथा तरुणपणी सगळेच घेतात. दोशींच्या बाबतीत लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की अरण्यचं काम हाती येईपर्यंत जवळजवळ तीस वर्षं गेली. मधल्या काळात कारखान्यांच्या वसाहती झाल्या, संस्था झाल्या, अहमदाबादेत वास्तुकलेचं विद्यालय उभं राहिलं. शपथ जिवंत होती असं दाखवणारं एक ठळक काम त्यात आहे: अहमदाबादमधली १९७३ ची आयुर्विमा महामंडळाची वसाहत, बिमानगर. नेहमीच्या इमारतीत सगळे मजले सारखे असतात. इथे तळमजल्याचं घर सगळ्यात मोठं, वरचं त्याहून लहान, सर्वांत वरचं सर्वांत लहान. त्यामुळे वरच्यांना पुढे गच्ची मिळाली. लोकांनी त्या गच्च्यांवर खोल्या काढल्या, जाळ्या लावल्या, जिने झाकले. पुढच्या पिढ्यांनी आणखी फेरफार केले. मूळ इमारत शोधून काढावी लागेल इतपत. एखादा वास्तुविशारद हे बघून कपाळाला हात लावेल. दोशी खूश होते.

ही वृत्ती अंगात नसती तर अरण्य झालंच नसतं. स्वतःच्या रेषेवर दुसऱ्याने रेघ मारली की दुखावणारा माणूस गरिबांसाठी घरं बांधू शकेल, पण गरिबांना घरं बांधू देऊ शकणार नाही.

आधी झोपडपट्टी वाचली

अरण्यच्या आराखड्याआधी इंदूरच्या झोपडपट्ट्यांची बारकाईने पाहणी झाली. त्यात मॉन्ट्रिअलच्या मॅकगिल विद्यापीठातले अभ्यासक सहभागी होते. पाहणीचा रोख मला महत्त्वाचा वाटतो. झोपडपट्टीत काय *नाही* याची यादी कुठल्याही कचेरीत तयार असते: पाणी नाही, गटार नाही, जमिनीचा पट्टा नाही. या मंडळींनी तिथे काय *आहे* ते मोजलं आणि रेखाटलं. दारापुढचा ओटा किती रुंद. गल्ली कुठे अरुंद होते आणि कुठे फुगते. झाडाखाली कोण बसतं. दुकान घराच्या कोणत्या तोंडाला काढलं जातं. शिलाई मशीन, सायकल दुरुस्ती, पापड वाळवणं, मुलांचं खेळणं, बाजेवर झोपलेला म्हातारा, हे सगळं घराच्या आत नव्हे तर दाराबाहेरच्या चार-सहा फुटांत चालतं. ही पट्टी काढून घेतली की घराचं निम्मं आयुष्य आणि पुष्कळदा निम्मी कमाई जाते. चौथ्या मजल्यावरच्या गाळ्यात नेमकं हेच होतं.

दुसरी गोष्ट दिसली ती घर वाढण्याची. सुरुवात ताडपत्रीने, मग पत्रे, मग एक विटांची भिंत, मग फरशी. बोनस मिळाला की एक काम, लग्न ठरलं की दुसरं. बँक नाही, ठेकेदार नाही, ओळखीचा गवंडी आणि घरची माणसं. म्हणजे बांधण्याची अक्कल आणि श्रम लोकांकडे होते. त्यांच्याकडे नव्हती ती हक्काची जमीन, नळ, गटार आणि कुणी उठवणार नाही याची हमी. दोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठरवलं की पैसा या दुसऱ्या यादीवर घालायचा. पहिल्या यादीतलं लोक बघून घेतील.

आराखडा

वसाहतीत साडेसहा हजारांच्या आसपास प्लॉट. त्यातले सुमारे ६५ टक्के आर्थिकदृष्ट्या दुर्बल गटासाठी, प्रत्येकी साधारण ३५ चौरस मीटरचे. उरलेले मोठे, मध्यम आणि बऱ्या उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी. मधोमध बाजारपेठेचा कणा, त्याच्या पूर्वेला आणि पश्चिमेला मिळून सहा विभाग, प्रत्येकात सात ते बारा हजार माणसं राहतील असा हिशेब. विभागांना तिरपी छेदून जाणारी लांबट उद्यानं.

आता कोणाला कुठे बसवायचं? आपल्याकडच्या बहुतेक ले-आउटमध्ये गरिबांचे प्लॉट मागच्या कोपऱ्यात, नाल्याच्या बाजूला असतात. इथे उलटं केलं. सर्वांत गरीब कुटुंबं प्रत्येक विभागाच्या पोटात, आणि बऱ्या स्थितीतली विभागांच्या कडेला व मधल्या कण्यालगत. यामागे दयाबुद्धी कमी आणि व्यवहार जास्त होता. कडेच्या आणि बाजारपेठेच्या प्लॉटना चांगली किंमत येते, ती घेऊन आतल्या प्लॉटचा भार हलका करायचा. शिवाय कोणीही कुठूनही घरी जायला निघाला तरी दुसऱ्या गटाच्या दारावरून जातो. १९९५ च्या आगा खान वास्तुकला पुरस्काराच्या परीक्षकांनी ज्या गोष्टीची विशेष दखल घेतली ती हीच: गरीब ते बेताच्या उत्पन्नाची कुटुंबं एकत्र नांदवण्याचा प्रयत्न.

गल्लीच्या पातळीवर दहा-दहा घरांचे गट. पुढे गल्ली, मागे अंगण. वीस घरांमागे एक सेप्टिक टाकी, पाणी आणि वीज सगळीकडे. घरांच्या बाजूच्या भिंती सामाईक, त्यामुळे विटा वाचतात आणि माळव्याच्या उन्हाळ्यात दोन बाजूंनी ऊन लागत नाही. आतल्या गल्ल्या आणि छोटे चौक फरसबंद. आणि घर व रस्ता यांच्यामध्ये अर्ध्या मीटरच्या आसपासची एक पट्टी मुद्दाम सोडलेली: ज्याला ओटा काढायचा त्याने ओटा काढावा, पायरी घालायची त्याने पायरी, वर सज्जा काढायचा असेल तर सज्जा. जे अतिक्रमण होणारच आहे त्याला नकाशात आधीच जागा देऊन टाकली. नगररचनेत इतका शहाणपणा क्वचित बघायला मिळतो.

घर म्हणजे किती

सर्वांत गरिबांना प्लॉटबरोबर जोतं, संडास-मोरीचा गाभा आणि एक खोली. सुरुवातीची रक्कम कुटुंबाच्या सरासरी उत्पन्नावरून ठरवलेली, बाकी कर्ज मासिक हप्त्याने फेडायचं. पुढचं बांधकाम विटांचं करा, दगडाचं करा, कशाचंही करा, रंग कोणताही द्या.

लोकांना कल्पना यावी म्हणून दोशींनी ८० नमुना घरं बांधून दाखवली. एका खोलीपासून ऐसपैस दुमजली घरापर्यंत. आज छायाचित्रांत जे अरण्य दिसतं, बाहेरून चढणारे जिने, छोटे सज्जे, एकमेकांना बिलगलेल्या भिंती, ते बहुतांशी या ८० घरांचं. ती सक्तीची नव्हती. वाण्याकडे बरण्या मांडलेल्या असतात, तसे जिन्याचे, कठड्याचे, ओट्याचे, खिडकीचे प्रकार समोर मांडलेले होते. जे परवडेल, जे आवडेल ते उचला.

बाहेरच्या जिन्याबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण घरातल्या शांततेचा संबंध माझ्या मते त्या जिन्याशी फार जवळचा आहे. जिना आत घेतला की ३५ चौरस मीटरमधली मोलाची जागा जाते, आणि वरच्या मजल्यावर जाणारा प्रत्येक जण खालच्यांच्या चुलीवरून, अंथरुणावरून जातो. जिना बाहेर काढला की वरचा मजला हा स्वतंत्र संसार होऊ शकतो. धाकट्या मुलाचं लग्न झालं, वर खोली बांधली, वेगळी चूल मांडली, तरी आई-वडील एका हाकेच्या अंतरावर. सासू-सुनेच्या भांडणांचं मूळ स्वभावात शोधायची आपल्याला सवय आहे. ते पुष्कळदा दहा बाय दहाच्या खोलीत असतं. आणि मुलगा दुसऱ्या शहरात गेला तर तोच मजला भाड्याने देता येतो, जिन्याची खालची पायरी दुपारी बसायला उपयोगी पडते. समुपदेशकाने जे महिनोन्‌महिने समजावून सांगावं त्यातलं काही एका जिन्याने होतं, हा दावा मी करायला तयार आहे.

वास्तुशास्त्राच्या नावाखाली घरात सुख आणण्यासाठी संडासाची दिशा बदलणाऱ्यांचा धंदा जोरात आहे. अरण्यमध्ये संडास *आहे* आणि तो स्वतःच्या घरात आहे, ही तिथे राहायला आलेल्या बाईच्या दृष्टीने सगळ्यात मोठी सुखाची गोष्ट होती.

पुढे काय झालं

प्रित्झकरच्या वेळी दिलेल्या माहितीनुसार आज अरण्यमध्ये ८० हजारांहून अधिक माणसं राहतात. मूळ हिशेबातल्या सहा विभागांची वरची बेरीज केली तरी ७२ हजार होते. म्हणजे वसाहत रिकामी पडली नाही, उलट ठासून भरली. सरकारी गृहयोजनांत ओस पडलेल्या इमारती पाहिलेल्यांना याचं मोल कळेल.

पण वाढत गेलेलं इंदूर अरण्यपर्यंत येऊन थांबलं नाही, त्याच्या पुढे निघून गेलं. स्थानिक कागदपत्रांत जी 'स्कीम नंबर ७८' म्हणून ओळखली जाते ती जागा आता विजयनगरच्या ऐन गजबजाटात आहे. एके काळी गावाबाहेरची जमीन, आता शहरातल्या महागड्या भागाच्या कुशीत. त्याचा परिणाम व्हायचा तो झाला. मूळ लाभार्थ्यांपैकी अनेकांनी प्लॉट विकले. बऱ्या पैशांच्या लोकांनी ते घेतले, काहींनी शेजारचे दोन जोडून एक केले, वर मजले चढवले. नमुना घरांतही इतके बदल झाले की जुन्या छायाचित्रांशी ताडून पाहणाऱ्याचा हिरमोड होतो. 'गरिबांसाठी बांधलं आणि मध्यमवर्गाने गिळलं' ही अरण्यवरची नेहमीची टीका, आणि ती खोटी नाही.

मला तिचा अर्धा भाग पटतो. हप्ते थकले म्हणून किंवा आजारपणात अडला म्हणून कवडीमोलाने प्लॉट गेला असेल, तर योजना त्या कुटुंबापुरती फसली. आराखडा कितीही सुंदर असो, उत्पन्नच नसेल तर जोतं पोटाला घालता येत नाही. पण वीस वर्षं राहून, मुलांना शिकवून, जमिनीची किंमत वाढल्यावर कुणी विकून दुसरीकडे मोठं घर घेतलं, तर त्याला अपयश का म्हणायचं? मध्यमवर्गातला माणूस हेच करतो तेव्हा आपण त्याला हुशार म्हणतो. गरिबाने मात्र दिलेल्या घरात जन्मभर राहून योजना यशस्वी करून दाखवायची, ही अपेक्षा जरा अजब आहे. नमुना घरं बदलली याचं तर मला काहीच वाटत नाही. बदलण्यासाठीच ती होती.

अशा योजनांचा निकाल घाईने लावू नये याचा पुरावा मुंबईत आहे. जागतिक बँकेच्या मदतीने १९८५ ते १९९४ या काळात चारकोप आणि गोराईला अशाच धर्तीवर पायाभूत सोयींसह प्लॉट दिले गेले. प्रकल्प संपला तेव्हा कामाला उशीर झाला, लोक राहायला आले नाहीत, गरिबांपर्यंत पोचलं नाही, अशी ओरड झाली. वीसेक वर्षांनी अभ्यासकांनी पुन्हा जाऊन पाहिलं तर भरलेल्या, वाढलेल्या, मिश्र उत्पन्नाच्या, बऱ्यापैकी सुखी वसाहती सापडल्या. कांदिवली-बोरिवलीकडच्या लोकांना हे अभ्यासकांनी सांगायची गरज नव्हती. नवी मुंबईतल्या बेलापूरला वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी ऐंशीच्या दशकात अंगणाभोवती वाढती घरं बांधली, तिथेही अनेक मूळ घरं पाडून बंगले झाले. तरी छोट्या अंगणांभोवतीची रचना अजून ओळखू येते. घर जातं, गल्ली टिकते. दोशींनी आपली बुद्धी गल्लीवर आणि ओट्यावर जास्त खर्च केली, ती म्हणूनच वाया गेली नाही.

याच्या शेजारी आपली झोपडपट्टी पुनर्वसन योजना ठेवून बघा. मुंबईत १९९५ च्या सुमारास २२५ चौरस फुटांचं फुकट घर, पुढे २६९, आता ३००. आकडा वाढला ही चांगलीच गोष्ट. पण ते घर पहिल्या दिवशी जेवढं, तेवढंच शेवटच्या दिवशी. त्याला जोतं नाही, ओटा नाही, वर चढायला जागा नाही. दाराबाहेर आहे ती अंधारी मार्गिका आणि बंद पडणारी लिफ्ट. कुटुंब वाढलं की पोटमाळा घालायचा, नाहीतर भांडायचं. अरण्यचा ३५ चौरस मीटरचा प्लॉट फुटांत सुमारे ३७५ भरतो, फरक कागदावर फारसा नाही. पण त्यावर आकाश मोकळं होतं.

दोशींच्या वाट्याला सन्मान खूप आले: पद्मश्री, पद्मभूषण, २०२२ चं ब्रिटनचं रॉयल गोल्ड मेडल, आणि जानेवारी २०२३ मध्ये ते गेल्यावर मरणोत्तर पद्मविभूषण. प्रित्झकरसाठी नव्वदीपर्यंत त्यांना थांबावं लागलं ते त्यांच्या कामाला नजरेत भरणारा दर्शनी भाग कमी होता म्हणूनही असेल. अरण्यमधल्या बहुतेक घरांवर त्यांची सही नाही. ती ज्याने त्याने बांधली.

पंतप्रधान आवास योजनेच्या शहरी भागात २०१५ पासून एक घटक असा आहे की ज्याची स्वतःची जागा आहे त्याने स्वतःच घर बांधायचं आणि सरकारने टप्प्याटप्प्याने अनुदान द्यायचं. मंजूर घरांच्या संख्येत तोच घटक सर्वांत मोठा ठरला. लोक बांधू शकतात, हे आता सरकारलाही मान्य आहे म्हणायचं. मात्र तो सुरूच होतो 'ज्याची स्वतःची जागा आहे' इथून. १९८३ मध्ये इंदूरला प्राधिकरणाने जे दिलं, म्हणजे हक्काची जमीन, फरसबंद गल्ली, नळ आणि गटार, तेवढंच त्यात नाही. नाल्याकाठच्या माणसाला त्या अर्जाचा पहिलाच रकाना भरता येत नाही.